परत यायचा कागद

बदलापूरहून लोकलने कल्याणला जाताना उल्हासनगर लागतं. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेलं हे शहर. १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळालं. पण सिंधमधून लोक येणं तिथेच थांबलं नाही. नंतर आलेली कित्येक कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. घर इथे, धंदा इथे, पासपोर्ट मात्र पाकिस्तानचा.

तिकडे आई शेवटच्या घटका मोजत असली तरी लगेच निघता येत नाही. आधी परतीचा व्हिसा हवा, ‘नोरी’ म्हणतात त्याला. तो नसेल तर स्वतःच्याच घरी परतायची वाट अडते.

पहलगामनंतर एप्रिल २०२५ मध्ये अटारीचं नाकं बंद झालं. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहिले, हे बरंच झालं. पण राहायची मुभा वेगळी, परतायची खात्री वेगळी.

तपासणी व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण ज्याला तपासूनच वर्षानुवर्षं राहू दिलंय, त्याला अशा वेळी दोन दिवसांत हो की नाही ते सांगा ना! आणि नागरिकत्वाचे अर्ज लवकर निकाली काढा. मग घरी यायला परवानगी मागावी लागणार नाही.

तुम्हाला काय वाटतं?