यंत्राआधी माणसे हवीत

फ्रान्सच्या दक्षिणेस कादाराश येथे सात भागीदारांनी मिळून उभारावयास घेतलेल्या ‘ईटर’ या अणुसंमीलन भट्टीचे वेळापत्रक २०२४ मध्ये पुन्हा पुढे गेले. नव्या आराखड्यानुसार संशोधनाचा पहिला टप्पा २०३४ मध्ये सुरू होईल आणि ड्यूटेरियम व ट्रिटियम या खऱ्या इंधनावर भट्टी चालेल ती २०३९ मध्ये. या विलंबाची चर्चा झाली ती मुख्यत्वे खर्चाच्या अंगाने. पण या तारखांचा एक अर्थ शिक्षणाशी निगडित आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. २०३९ मध्ये जे तरुण शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ या यंत्रासमोर उभे राहतील, ते आज शाळा-कॉलेजांच्या वर्गांत बसलेले आहेत. त्यांत भारतीय किती असतील, याचा निर्णय आजच होत आहे.

भारताचा या प्रकल्पातील वाटा नाममात्र नव्हे. २००५ मध्ये भारत त्यात पूर्ण भागीदार म्हणून दाखल झाला. उभारणीचा सुमारे अकरावा हिस्सा त्याच्याकडे आहे आणि तो मुख्यतः यंत्रसामग्रीच्या रूपाने द्यावयाचा आहे. भट्टीला बाहेरून वेढणारे, सुमारे तीस मीटर उंचीचे व तितक्याच व्यासाचे पोलादी निर्वात पात्र सुरतेजवळच्या हजिरा येथील कारखान्यात भागाभागांनी तयार होऊन समुद्रमार्गे फ्रान्सला गेले. कराराप्रमाणे या प्रकल्पातून निर्माण होणाऱ्या ज्ञानावर सर्व भागीदारांचा हक्क राहणार आहे. परंतु पोलाद जहाजातून पाठविता येते, ज्ञान जहाजातून परत आणता येत नाही. ते माणसांच्या डोक्यांतून आणि हातांतूनच यावे लागते.

येथेच आपली खरी अडचण आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनीव्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून, येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा काबूत येईल, असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. सूर्याच्या गाभ्यात घडणारी क्रिया पृथ्वीवर घडवावयाची, तर इंधन पंधरा कोटी अंशांपर्यंत तापवून चुंबकीय पिंजऱ्यात कोंडावे लागते, आणि हे काम एका पिढीच्या आवाक्यातले नाही. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने ‘आदित्य’ हा टोकामाक कार्यान्वित केला तो १९८९ मध्ये. त्या वेळी पंचविशीत असलेला संशोधक आज साठी ओलांडून निवृत्त झाला आहे. त्यानंतरच्या अतिसंवाहक चुंबकांच्या ‘एसएसटी-१’ची आखणी नव्वदीच्या दशकातली, आणि त्यात प्रथम प्लाझ्मा निर्माण झाला २०१३ मध्ये. म्हणजे ज्यांनी हे यंत्रशास्त्र प्रत्यक्ष चुका करून आत्मसात केले, ती पिढी ईटर पेटण्यापूर्वीच कामावरून उतरणार आहे. निर्वात पात्राची गळती कशी शोधावी, उणे दोनशे एकोणसत्तर अंशांवरील चुंबक अचानक तापू लागला तर काय करावे, हे सारे पुस्तकांत सापडत नाही. ते गुरूजवळ बसूनच शिकावे लागते.

या बाबतीत धडा घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले १९६९ मध्ये, पण तुर्भ्याचे प्रशिक्षण विद्यालय भाभांनी काढले ते १९५७ मध्येच. यंत्र येण्याच्या बारा वर्षे आधी माणसे घडविण्यास प्रारंभ झाला होता. देशाच्या अणुकार्यक्रमाला पुढे जे मनुष्यबळ लाभले, त्याचे मूळ या दूरदृष्टीत आहे. ब्रिटनने हेच निराळ्या रीतीने केले. कलहॅम येथील ‘जेट’ यंत्राने आपल्या अखेरच्या प्रयोगांत पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जेचा विक्रम केला आणि २०२३ अखेर ते थांबले. पण त्याच आवारात शिकाऊ तंत्रज्ञांना शिकविणारे केंद्र उभे आहे, आणि यॉर्कसह पाच विद्यापीठे मिळून संमीलन विषयातील पीएच.डी.चे विद्यार्थी घडवीत आहेत.

या उदाहरणातील शिकाऊ तंत्रज्ञाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. संमीलन म्हटले की पदार्थविज्ञानाचा पंडितच डोळ्यांसमोर येतो. वस्तुतः अशा भट्टीला जाड पोलादाचा निर्दोष जोड घालणारा वेल्डर, निर्वात पंप सांभाळणारा पदविकाधारक, अतिशीत तंत्राचा जाणकार, धातुशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ तितकेच लागतात. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून बाहेर पडणाऱ्या मुलांपर्यंत ही वार्ता पोहोचतच नाही. गणितात हुशार मुलगा वा मुलगी संगणक-अभियांत्रिकीकडे वळते, यात त्यांचा दोष नाही. दुसरी वाट आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जी वीज कित्येक दशके ‘उद्या’ येणार आहे, तिच्या भरवशावर मध्यमवर्गीय घरातील मुलांना का लोटावे? अमेरिकेतील लेसर प्रयोगात डिसेंबर २०२२ मध्ये लक्ष्यावर टाकलेल्या ऊर्जेहून अधिक ऊर्जा निघाली खरी, पण लेसरांना लागलेली वीज त्या हिशेबात नव्हती. संमीलनाच्या विजेवर अद्याप एकही दिवा लागलेला नाही, हे विद्यार्थ्याला स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. मात्र त्याच वेळी हेही सांगावे की, ही विद्या एका यंत्राशी बांधलेली नाही. अतिसंवाहक चुंबक इस्पितळातील एमआरआय यंत्रात असतो आणि निर्वात तंत्रावाचून इलेक्ट्रॉनिक चिप तयार होत नाही. भट्टीला उशीर झाला, तरी शिकलेला हात रिकामा राहत नाही.

तेव्हा करावयाचे ते फार अवघड नाही. विद्यापीठांच्या एम.एस्सी.त प्लाझ्मा हा वैकल्पिक विषय नावापुरता न ठेवता त्यास प्रयोगशाळेची जोड द्यावी. निवडक तंत्रनिकेतनांत निर्वात व अतिशीत तंत्राची पदविका सुरू करावी. निवृत्त तज्ज्ञांना शिकविण्याच्या कामी बोलवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पीएच.डी. झालेल्या तरुणाला दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुकांवर झुलवत न ठेवता कायम जागांचे वेळापत्रक आधीच जाहीर करावे. तीस वर्षांच्या कामासाठी तीन वर्षांची माणसे नेमणे, हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

ईटरचे वेळापत्रक लांबल्याने आपल्याला काही वर्षे उसनी मिळाली आहेत. पोलादाचा वाटा भारताने उचलला, तो उत्तम उचलला. आता ही वर्षे माणसे घडविण्यात खर्च झाली नाहीत, तर आपण बांधलेल्या घरात इतरच राहावयास जातील.