गडाखालच्या गावांनी वॉकीटॉकी घ्यावी, पण पाच वॅटची नको

अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड या बाजूला जी गावे आहेत, तिथल्या पोरांना आता वाटाड्याचे काम चांगले मिळू लागले आहे. मे-जूनमध्ये काजवे, मग पाऊस, मग थंडीतले तंबू. शेतीला हा जोडधंदा झाला, हे बरेच झाले. पण गर्दीबरोबर जबाबदारीही आली. धुक्यात कुणी वाट चुकला की पहिली हाक गावालाच येते. कंदील-बॅटऱ्या घेऊन रात्री कड्याला शोधायला जातात ते बारी, पाचनई, रतनवाडीचेच लोक. मोबाईलला डोंगरात रेंज असेल तर असेल. म्हणून गावोगाव आता वॉकीटॉकी घेण्याची बोलणी चालू आहेत. ती घ्यावीच, असे आमचे मत आहे. प्रश्न आहे तो कोणती घ्यायची, हा.

दुकानदार हमखास पाच वॅटचा संच पुढे करतो. लांब अँटेना, आकड्यांची बटणे, आणि किंमतही फार नाही. ‘दहा किलोमीटर कुठे गेले नाहीत,’ असे वर सांगतो. ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी इथेच थांबावे. असले संच बहुधा १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ अशा रुंद पट्ट्यात चालतात. त्या पट्ट्यात सरकारी आणि इतर परवानाधारक यंत्रणांचे बोलणे चालते. परवान्याशिवाय असा संच वापरणे हा गुन्हा आहे. हॅमचा परवाना परीक्षा देऊन मिळतो खरा, पण तो ज्याचा त्याला आणि छंदासाठी; पर्यटकांच्या धंद्याला तो चालत नाही.

विनापरवाना वापरायला मोकळीक आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या बारक्या पट्ट्याला. केंद्र सरकारने २०१८ च्या नियमांनी ती दिली. या पट्ट्यातले संच अर्ध्या वॅटचे असतात. परवाना लागत नाही म्हणून काहीही घेतले तर चालते असे नव्हे. त्या मॉडेलला दूरसंचार खात्याची मान्यता लागतेच. ऑनलाइन बाजारात बेकायदा संचांची विक्री इतकी बोकाळली की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. तेव्हा बिलावर मॉडेलचे नाव आणि फ्रिक्वेन्सी लिहून घ्या, मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि दप्तराला लावा. ग्रामनिधीतून घेतलेली वस्तू वापरता येत नाही असे उद्या लेखापरीक्षणात निघाले, तर उत्तर दुकानदाराला नाही, तुम्हाला द्यायचे आहे.

आता लोक म्हणतील, अर्ध्या वॅटचे डबडे काय कामाचे? ही शंका रास्त आहे, पण हिशेब वेगळा आहे. या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की संपले. मोकळ्या हवेतसुद्धा अंतर दुप्पट करायचे तर ताकद चौपट लागते. म्हणजे दहापट ताकदीचा संच घेतला तरी पल्ला तिपटीच्या आसपास वाढणार. आणि कड्याच्या पलीकडे? तिथे अर्धा वॅटही मुका आणि पाच वॅटही जवळपास मुकाच. उलट १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या माथ्यावरून समोर आडोसा नसेल तर छोटा संचही लांबपर्यंत ऐकू जाईल. खोक्यावरचा किलोमीटरचा आकडा बहुधा अशाच मोकळ्या जागेचा असतो. आपल्या झाडीत आणि घळीत तो धरून चालू नये.

म्हणून आमचे म्हणणे असे की एकदम दहा संच घेऊच नयेत. आधी दोन घ्या. एक माणूस गावात बसवा, दुसऱ्याने नेहमीच्या वाटेने गड चढावा आणि दर दहा मिनिटांनी हाक द्यावी. आवाज कुठे तुटतो आणि कुठे परत लागतो, ते कागदावर मांडा. जिथे तुटतो त्याच्या वरच्या खिंडीत किंवा धारेवर गर्दीच्या दिवशी एक माणूस बसवला की तो खालचा निरोप वर आणि वरचा खाली पोचवतो. पाच वॅटच्या नादापेक्षा हा माणूस मोलाचा. त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी, फुकट राबवू नये.

साम्रदची सांदण दरी घ्या. दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती, वाट चिंचोळी. आतून बाहेर बोलणे होईल या भरवशावर तिथे राहूच नये. पावसाळ्यात तर उतरायचेच नाही, पण वळवाचा पाऊसही वर पडला की दरीत पाणी येऊ शकते. तिथे वर कड्यावर आभाळाकडे लक्ष ठेवणारा एक आणि दरीत खाली एक, अशी जोडी हवी. दर वळणाला आवाज लागतो का ते पाहावे. लागला नाही तर लोकांना पुढे नेऊ नये.

बाकी निवड सोपी आहे. पाणी आत जाणार नाही असा संच बघावा. आयपी ६७ लिहिलेला मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो, नुसता शिंतोड्यापुरता घेतला तर आपला पाऊस त्याला पुरून उरेल. किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालणारा असेल तर उत्तम, कारण वीज गेली तर चार्जर काय कामाचा? बटण ओल्या, गारठलेल्या बोटांनी दाबता आले पाहिजे. रंगीत पडदा, दहा प्रकारच्या घंट्या, यांना पैसे घालू नका.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. खोक्यावर ‘प्रायव्हसी कोड’ लिहिलेले असते. त्याने आपल्याला दुसऱ्याचे ऐकू येणे बंद होते, दुसऱ्याला आपले ऐकू येणे नव्हे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या ग्रुपांकडेही हेच संच असतात, तेव्हा गावची भांडणे त्यावर काढू नयेत! बटण दाबून क्षणभर थांबावे, मग बोलावे. नाहीतर पहिला शब्द तुटतो, आणि ‘नका येऊ’ मधला ‘नका’च गेला तर काय होईल ते सांगायला नको.

खर्चाचे म्हणाल तर जिथे समिती पर्यटकांकडून शुल्क घेते, तिथे पहिला हक्क या कामाचा असावा. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, नोंदणी आणि सुरक्षिततेच्या अटी आल्या. अटी गावाला लागणार असतील तर साधनेही गावाच्या हाती हवीत. संच एका घरात कुलपात ठेवू नका. नोंदवहीत सही करून सकाळी न्यायचे, संध्याकाळी आणून द्यायचे. आणि कोणाचा संच रात्री आठपर्यंत परत आला नाही, तर शोध कधी सुरू करायचा आणि ११२ ला फोन कोणी करायचा, हे येत्या ग्रामसभेत नावानिशी ठरवून घ्या. पावसाळा तोंडावर आल्यावर बैठक बोलावून उपयोग नाही.