बहाव्याची शिफारस

शोभेचे झाड बारमाही हिरवेगार असावे, हा समज आपल्याकडील सार्वजनिक उद्यानांच्या अंदाजपत्रकांत इतका मुरला आहे, की फाल्गुनात निष्पर्ण झालेला वृक्ष वाळलाच असे धरून त्याच्या जागी दुसरे रोप लावण्याची तजवीज सुरू होते. वस्तुतः ज्या जालना जिल्ह्यात 2012च्या अवर्षणाने मोसंबीच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या, तेथे पाण्याची ओढ ओळखून पाने टाकून देणारा वृक्ष शहाणाच म्हटला पाहिजे. आणि अशा वृक्षांत बहाव्याची शिफारस मी सर्वांआधी करीन.

वैशाखात, पालवी पुरती फुटलेली नसताना, त्याच्या फांद्यांवरून हातभर लांबीचे पिवळे घोस लोंबू लागतात. जवळ जाऊन पाहिल्यास प्रत्येक फुलात तीन पुंकेसर इतरांहून लांब व बाकदार दिसतात, आणि त्यांभोवती काळे भुंगे गुणगुणत असतात. पुढे धरणाऱ्या काळसर, दंडगोल शेंगा आतून आडव्या पडद्यांनी कप्पेबंद असतात. त्यांतील गोडसर गर आयुर्वेदाने आरग्वध या नावाने सौम्य रेचक म्हणून मान्य केला आहे. (याच शेंगांमुळे अंगणाची झाडलोट वाढते, ही तक्रारही रास्तच.)

गुलमोहराशी माझे वैर नाही. मादागास्करच्या या पाहुण्यासाठी सातारकर 1 मे रोजी गुलमोहर दिन साजरा करतात, तो त्याच्या रूपाला साजेसाच आहे. परंतु ठिसूळ लाकूड आणि उथळ मुळे यांमुळे वळवाच्या वाऱ्यात, विजेच्या तारांखाली, त्याचा भरवसा धरता येत नाही. राज्यपुष्पाचा मान मिळालेला तामण तर ओलाव्याचा लोभी; जालन्याजवळच्या घाणेवाडी तलावाच्या काठी तो कदाचित तग धरील, शहरातल्या रस्त्यांवर नाही.

अर्थात बहावाही सरसकट लावू नये. ऐन उन्हाळ्यात त्याची सावली विरळ असते, म्हणून बसस्थानक, मोंढा किंवा दवाखान्याचे पटांगण येथे कडुनिंब आणि वडच हवेत. कचेऱ्यांची आवारे, शाळांची कुंपणे, समृद्धी महामार्गालगतची मोकळी जमीन ही बहाव्याची खरी जागा. काळ्या चिकण मातीत मात्र मुळाशी पाणी तुंबणार नाही याचा बंदोबस्त आधी करावा. बीपासून वाढविलेल्या बहाव्याला पहिला बहर यावयास कित्येक पावसाळे जातात आणि ठेकेदाराची देखभालीची मुदत बहुधा त्यापूर्वीच संपते; तेव्हा करारनाम्यात केवळ रोपांची संख्या मुक्रर करून न थांबता, सुरुवातीच्या उन्हाळ्यांत त्यांना पाणी कोणी घालावयाचे, हेही हुद्द्यानिशी लिहून घेतले पाहिजे.