पराभवाचाही हिशेब हवा

आळंदीची कार्तिकी यात्रा दरवर्षी भरते. परंतु १९६२ ची कार्तिकी वेगळ्याच छायेत आली. २० ऑक्टोबरला चिनी आक्रमणास प्रारंभ झाला होता. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सेला आणि बोमडिला पडले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्राने अभिमानाने म्हटले. मात्र हिमालयात नेमके काय घडले आणि ते जनतेला कितपत सांगितले गेले, हा प्रश्न त्या अभिमानाच्या भरात मागे पडला.

ज्या ग्रंथामुळे आळंदीचे नाव घरोघर पोचले, त्या ज्ञानेश्वरीत मंगलाचरणानंतर गीतेचा आरंभच एका आंधळ्या राजाच्या प्रश्नाने होतो. रणांगणावर काय चालले आहे, असे तो विचारतो. महाभारतातील संजय त्याला भीष्म पडल्याचे सांगतो, द्रोण पडल्याचे सांगतो आणि अखेर दुर्योधन पडल्याचेही सांगतो. ऐकणारा बाप कोसळेल म्हणून तो एकही वार्ता दडवीत नाही. लोकशाहीत राजाच्या जागी जनता असते. तिलाही रणांगण दिसत नाही. तिला सरकारच्या शब्दावरच विसंबावे लागते.

या कसोटीवर १९६२ चा अनुभव समाधानकारक नाही. अक्साई चीनमधील चिनी रस्ता १९५७ मध्ये पूर्ण झाला. संसदेला त्याची माहिती मिळाली ती १९५९ च्या ऑगस्टमध्ये. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी पंतप्रधान नेहरूंनी, आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत, असे पत्रकारांना सांगितले. सीमेवरील जवानाजवळ पुरेसे गरम कपडे आणि पुरेसा दारूगोळा नाही, याची कल्पना ते वाचणाऱ्या नागरिकाला कोठून असणार? पुढे नेहरूंनी आकाशवाणीवरून बोमडिला पडल्याची वार्ता स्वतः दिली, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. परंतु आधी दिलेला भरवसा मोठा असल्याने सत्याचा धक्काही तेवढाच मोठा बसला.

त्या धक्क्याचा परिणाम तेजपूरला दिसला. शत्रू येणार या भीतीने शहर रिकामे झाले, प्रशासन पांगले आणि स्टेट बँकेच्या शाखेत नोटा जाळण्यात आल्या. शत्रू तेजपूरला पोचलाच नाही. चलनी नोट काय किंवा सरकारी निवेदन काय, दोन्ही कागदच; त्यांचे मोल देणाऱ्याची पत ठरवीत असते. पत गेली म्हणजे लोक खऱ्या निवेदनावरही विश्वास ठेवीत नाहीत आणि मग अफवेचे चलन सुरू होते.

युद्धाचा भार मात्र जनतेने उचलला. स्त्रियांनी संरक्षण निधीसाठी अंगावरचे दागिने उतरवून दिले. १९६३-६४ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाची तरतूद ८६७ कोटी रुपयांवर गेली. नवे कर, सक्तीची ठेव आणि सुवर्णनियंत्रण हे सारे त्याच वर्षी आले. वर्गणी देणाऱ्याला जमाखर्च दाखवावा, हा तर गावच्या उत्सव समितीचाही नियम असतो.

तसा जमाखर्च तयार झालाही होता. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडिअर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी आपला अहवाल १९६३ मध्ये सादर केला. भगत हे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेले अधिकारी. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत प्रशिक्षण, सामग्री आणि वरिष्ठ नेतृत्व यांतील उणिवा मान्य केल्या. त्या काळात एवढे सांगण्यासही धैर्य लागत होते. पण मूळ अहवाल सभागृहापुढे आला नाही. सैन्याची नव्याने उभारणी चालू असताना ते समजण्यासारखे होते. तथापि २०१० मध्येही संरक्षणमंत्री अँटनी यांनी, अहवाल अत्यंत संवेदनशील असल्याचे सांगून तो प्रसिद्ध करण्यास नकार दिला. २०१४ मध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर ठेवला. आपल्या पराभवाची कारणे भारतीयांनी परक्याच्या हातून वाचावीत, यात कोणत्या गुप्ततेचे रक्षण झाले?

युद्धात गुप्तता लागते, हे कोणीही अमान्य करणार नाही. आळंदीलगतच्या दिघीपासून खडकी, देहूरोडपर्यंत लष्करी आस्थापना आहेत. कोणत्या कोठारात काय आहे, हे तेथील नागरिक विचारीत नाहीत आणि विचारूही नये. परंतु उद्याची चाल आणि कालचा परिणाम यांत भेद आहे. पहिली शत्रूपासून लपवावी लागते. दुसरा शत्रूला ठाऊकच असतो, तो लपतो केवळ स्वकीयांपासून.

हा भेद पाळता येतो, हे कारगिलनंतर दिसले. १९९९ मध्ये नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. त्यामुळे देश दुबळा झाला नाही. उलट संरक्षण व गुप्तवार्ता यंत्रणेतील सुधारणांना त्यातून चालना मिळाली. असे असूनही २०२५ च्या मे महिन्यातील संघर्षात भारताने विमाने गमावल्याची कबुली संरक्षणदल प्रमुखांनी ३१ मे रोजी दिली ती सिंगापुरात, परदेशी वृत्तसंस्थांशी बोलताना. चुका ओळखून त्या सुधारल्याचेही त्यांनी सांगितले. हेच देशाच्या संसदेत प्रथम सांगितले गेले असते, तर कोणाचे मनोधैर्य खचले असते?

प्रत्येक संघर्षानंतर ठराविक मुदतीत, आवश्यक तो भाग वगळून, संसदेपुढे अहवाल ठेवण्याचे बंधन सरकारवर असावे. त्याचा प्रारंभ १९६३ च्या अहवालापासून करणे उचित होईल. ज्या जनतेने पराभवाची किंमत मोजली, तिला त्याची कारणे ऐकण्याइतकी सोशिकता निश्चितच आहे.