घोडं इथंच पेंड खातं

तर मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की शनिवारच्या चहाबरोबर काहीतरी हलकंफुलकं वाचायला आलो आणि ह्याने डोकं खाल्लं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : अस्मादिक गेली तीन वर्षं दर वीकांताला घोड्यावर बसतात. (लग्न ठरलेलं नाही, उगाच अभिनंदन करू नका.) हिंजवडीपासून पाऊण तासावर, मुळशीच्या बाजूला एक तबेला आहे. तिथे अक्का राहते. अक्का म्हणजे रेसकोर्सवरून निवृत्त झालेली सतरा वर्षांची तपकिरी घोडी. शर्यतीतलं तिचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, पण बाकीची घोडी तिच्यापुढे शिस्तीत वागतात म्हणून तबेल्यात सगळे तिला अक्काच म्हणतात. तिचा महिन्याचा खर्च आम्ही चौघं वाटून घेतो. चौघंही आयटीतले. शेअर्ड रिसोर्स म्हणा ना!

घोड्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती घोड्यावर बसणाऱ्यांबद्दल. शिकलेसवरलेले, इंग्रजीत भांडणारे, हॉटेलात चमचा नीट पुसलेला नसला तर मॅनेजरला बोलावणारे लोक तबेल्यात आले की त्यांना काय होतं कोण जाणे.

पहिला नमुना घ्या. हे गृहस्थ रपेट संपवून येतात, उडी मारून उतरतात, लगाम कुणाच्या तरी हातात कोंबतात आणि थेट गाडीकडे. घोडं घामाने निथळतंय, नाकपुड्या भात्यासारख्या चालल्यात, तंग तसाच आवळलेला. लहानपणी आपल्याला कोडं घालायचे, आठवतंय? भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हीचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. ते कोडं करणारा माणूस नक्की कुठल्यातरी पागेत राहिलेला असणार. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. दौडीत ती दोनशेच्या वर जाऊ शकते. ती खाली यायला दहा-पंधरा मिनिटं सैल लगामाने चालवावं लागतं, तंग सोडून पाठीला वारा लागू द्यावा लागतो. पंधरा मिनिटं! एवढा वेळ तर आपण 'माझा आवाज येतोय का' हे विचारण्यात घालवतो.

दुसरा नमुना हेडमास्तर. ह्यांना सगळं माहीत असतं. "अरे, गरम घोड्याला पाणी दाखवू नका! अंगावर गार पाणी तर अजिबात नको, आखडेल ना!" असं हे लांबून ओरडतात. स्वतः बादली उचलत नाहीत, दुसऱ्याला उचलू देत नाहीत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी, तिथल्या दमट उकाड्यात घोडे गार कसे करायचे यावर भरपूर अभ्यास झाला. तापलेल्या घोड्यावर गार पाणी पुन्हा पुन्हा ओतलेलं चालतं, नव्हे ओतावंच, हे तेव्हापासून मान्य आहे. पण हेडमास्तरांपर्यंत अजून अपडेट पोचलेला नाही. ऑफिसात हाच माणूस तुमच्या फोनचं सॉफ्टवेअर जुनं म्हणून नाक मुरडतो.

तिसरा नमुना खुरांकडे न बघणारे. खुराच्या तळव्यात एक मऊ त्रिकोणी भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत लीद, चिखल, खडे जाऊन बसतात. बसायच्या आधी आणि उतरल्यावर लोखंडी आकड्याने ते काढायचे, बस्स. नाही काढले तर मुळशीच्या पावसात आठवडाभरात तिथे काळं, घाण वासाचं सडायला लागतं आणि घोडं लंगडतं. मग हेच विचारणार, "काय झालं हो हिला? मागच्या रविवारी तर बरी होती!" हो ना, मागच्या रविवारी तूच बसला होतास.

चौथ्या नमुन्याबद्दल मात्र मी विनोद करू शकत नाही. हे लोक गवताच्या गंजीजवळ उभे राहून सिगारेट ओढतात. चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात धाडलेलं पत्र तुम्ही कधीतरी वाचलं असेल. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका हे सांगणारं पत्र म्हणून ते आपल्याला माहीत असतं. पण ते सुरू होतं दाण्यापासून आणि वैरणीपासून. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आत्ताच उधळलीत तर पावसात घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यात बजावलंय. गवताजवळ चुली नकोत, तंबाखू ओढताना विस्तव नको, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत. राज्य चालवणाऱ्या माणसाला उंदराची काळजी होती. आणि आमच्याकडे छातीवर महाराजांचं चित्र असलेला टीशर्ट घातलेले तरुण वाळल्या गवताशेजारी थोटकं विझवतात. काय बोलणार!

पाचवा नमुना प्रेमळ. हे सगळ्यात धोकादायक. घरून पिशवी भरून आणतात : शिळ्या पोळ्या, पाव, सोसायटीच्या लॉनचं कापलेलं गवत, उरलेले लाडू. "खाते हो, बिचारी! बघा किती आवडीने खातेय!" अहो, खाणारच. पोरासमोर चॉकलेट धरलं तर तेही खातं. पण पोराला उलटी होते, घोड्याला होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं तोंडावाटे बाहेर येत नाही, जवळजवळ कधीच नाही. साडेचारशे-पाचशे किलोचा प्राणी, आणि जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. दिवसभर थोडं थोडं चरायला केलेलं यंत्र आहे ते. त्यात एकदम काही कोंबलं, की आत ते आंबतं, वायू धरतो आणि पोटशूळ उठतो. कापलेलं लॉनचं गवत तर ढिगातच तापायला लागलेलं असतं. घोडे मरण्याची जी मोठी कारणं आहेत त्यांत हा पोटशूळ फार वरच्या क्रमांकावर आहे.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. आता खरी गोष्ट सांगतो.

गेल्या जूनमधला एक शनिवार. आमच्या चौघांतल्या एकाने संध्याकाळी मित्र आणले होते. अक्काला चांगलंच पळवलं, मग तशीच बांधून फोटो काढले. जाताना त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने तिला चंदी घातली : भिजवलेले हरभरे, ओट, कोंडा. घोडी गरम असतानाच. थोड्या वेळाने दुसरा भागीदार आला, त्याला गव्हाण रिकामी दिसली, त्यानेही घातली. साडेसातला तिसरा आला. गव्हाण रिकामी. ठाणाला टांगलेली पाटी कोरी. तिच्यावर 'चंदी, वेळ, कोणी दिली' असे तीन रकाने आखलेले आहेत. आमच्या मोतद्दार मामांनी खडूसुद्धा दोरीला बांधून ठेवलाय. तिसऱ्याला वाटलं, हिला आज कुणी विचारलंच नाही वाटतं. त्याने पाटीभर चंदी घातली, मानेवर थोपटलं आणि तोही न लिहिता घरी गेला.

तो तिसरा म्हणजे मी.

रात्री अकराला मामांचा फोन. "सायेब, अक्का पाय आपटाया लागलीय. लोळाया बगती. डाक्टरला फोन केलाय, पर तुमी या."

पोचलो तेव्हा ती सारखी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. आत काय आहे ते जणू तिलाच कळत नव्हतं. बसायची, उठायची, पुन्हा बसायची. मामांनी नाडी मोजायला सांगितली. जबड्याखाली बोटं लावून मोजली : ६८. एरवी तिची ३६ असते. डॉक्टर आले, पोटाला नळी लावून ऐकलं, एका बाजूला काहीच आवाज नाही म्हणाले. नाकातून लांब नळी थेट जठरात घातली, तेव्हा आंबट वासाचा फेस बाहेर आला. वेदना थांबायचं इंजेक्शन दिलं. "लोळू देऊ नका. आणि लीद झाली की मला कळवा," एवढं सांगून ते दुसऱ्या गावाला गेले.

मग आम्ही दोघं आळीपाळीने तिला फिरवत राहिलो. पाऊस. मोबाईलच्या टॉर्चचा उजेड. मामा एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागत होतं. शेवटी मीच म्हणालो, "मामा, माझं चुकलं." तर म्हणाले, "सायेब, तुमचं येकट्याचं न्हाई. घोडं बोलत न्हाई ना, मंग ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं."

पहाटे चारच्या सुमारास अक्काने लीद टाकली. आयुष्यात कुठल्या रिलीजचा इतका आनंद झाला नव्हता. (अप्रेझलचाही नाही. पण तो कधीच होत नाही, ते जाऊ दे.)

ह्यानंतरचा भाग म्हणजे माझ्या भांडणाचं मूळ. डॉक्टरांचं बिल चार भागांत वाटायचं ठरलं, तर एकाचं उत्तर आलं : "मी तर फक्त नेहमीची चंदी दिली. माझा काय संबंध?" दुसरा म्हणाला, "लक्ष ठेवायला मोतद्दार आहे ना? त्याला आपण पैसे कशाचे देतो?"

घोडं इथंच पेंड खातं, मंडळी! आपण पैसे दिले की आपली जबाबदारी संपली, ही आपली ठाम समजूत. अकरा घोडी आणि दोन मोतद्दार. त्यातले एक त्या दुपारी पुतण्याच्या साखरपुड्याला गेले होते. वर्षातून एकदा माणसाने सुट्टी घेतली, आणि तेवढ्यात तीन इंजिनिअरांनी मिळून घोडी मारायला काढली. आणि हे तिघं रोज काय काम करतात? कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवल्याशिवाय एक ओळ पुढे सरकू देत नाहीत! ऑफिसात कुणी न सांगता प्रॉडक्शनला हात लावला तर त्याची सोमवारी सगळ्यांसमोर शोभा होते. तबेल्यात मात्र एक खडू उचलवत नाही. सर्व्हर पडला तर बॅकअपवरून उठवता येतो, अक्काचा बॅकअप कुठाय?

२०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि जाम खूश झालो होतो. घोड्यांचे हाल, अस्वच्छ तबेले, सगळं पटण्यासारखंच होतं. पण आज विचार करतो, त्या निर्णयावर टाळ्या वाजवणारे आपण, आणि माथेरानला घोडेवाल्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करून, वर "जरा पळव ना भाऊ" म्हणणारेही आपणच. घोडेवाला गरीब असला तर ती क्रूरता, आणि आपण केली तर तो छंद? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मारण्याच्या आणि छळण्याच्या बरोबरीने जनावरावर वाजवीपेक्षा जास्त स्वारी करणं हाही गुन्हा लिहिलाय. त्यात 'पगारदार आणि वीकांतापुरते आलेले वगळून' असं कुठे दिसत नाही.

आता काहीजण म्हणतील, एवढा त्रास करून घ्यायचा तर मजा कसली? आठवडाभर राबतो, दोन तास मोकळं व्हायला येतो. मान्य. मीही त्यासाठीच येतो. पण ज्याला फक्त मजा हवी त्याने सायकल घ्यावी. ती पंक्चर झाली तर रात्री अकराला कुशीकडे बघत बसत नाही. घोड्यावर बसणं म्हणजे वरचा एक तास नव्हे. आधीची पंधरा मिनिटं आणि नंतरची तीस मिनिटं धरून जे होतं ते. खरारा करणं, खूर बघणं, फिरवणं, पाणी, खोगीर पुसून जागेवर ठेवणं आणि पाटीवर लिहिणं. ह्यातलं काहीच अवघड नाही. दहावी नापास माणूस गेली तीस वर्षं ते रोज करतोय, तुम्ही-आम्ही तर डिग्रीवाले.

त्या रविवारपासून मी पाटीवर लिहितो. दोन महिने तिच्यावर फक्त माझं आणि मामांचं नाव होतं. मामांना लिहिता येत नाही, ते चंदी घातली की रकान्यात एक उभी रेघ मारतात. आता अधूनमधून तिसरं अक्षर दिसायला लागलंय. चौथा भागीदार अजून "माझा काय संबंध" वरच आहे. त्याने हे वाचलं तर बरंच आहे. बिलाचा त्याचा हिस्साही अजून यायचाय.

असो. झालं माझं भांडून. उद्या पहाटे साडेपाचचा गजर लावलाय. गाजरं आणू का म्हणून विचारणाऱ्यांना एकच विनंती : या, जरूर या, पण आधी पाटी वाचा.