शाळेची घंटा आणि कारखान्याचा भोंगा

बेळगावात उद्यमबागेतल्या कारखानदाराला विचारा, तो म्हणतो, "कामाला मुले मिळत नाहीत." अनगोळ, वडगाव, शहापूर भागातल्या पालकांना विचारा, ते म्हणतात, "मुलाला काम नाही, पुण्याला नाहीतर गोव्याला धाडावे लागणार." दोघांमधले अंतर सायकलने जाण्याइतके. तरी यांची गाठ पडत नाही!

आमच्या मते दोष दोन्हीकडे आहे. व्हर्नियर कॅलिपर हातात न धरताच आपली मुले दहावी होतात. कारखानदारांना शाळेची आठवण येते ती स्नेहसंमेलनाच्या देणगीपुरती.

आपले शहर फौंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्ससाठी ओळखले जाते. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. हा विज्ञानाचाच धडा आहे. तो फळ्यावर जितका समजेल त्याहून जास्त फौंड्रीत समजेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचवले आहे. कर्नाटक सरकारने ते धोरण बाजूला ठेवले, तरी एवढी चांगली गोष्ट करायला कोणाच्या हुकुमाची वाट कशाला पाहायची? पुढच्या टप्प्यासाठी १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहेच. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विद्यार्थी म्हणजे फुकटचा मजूर नव्हे. अठरा वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामाला लावणे गुन्हा आहे. शाळकरी मुलांनी पाहावे, मोजावे, प्रश्न विचारावेत. भट्टीपासून त्यांना लांबच ठेवावे. मुलींनाही बरोबर न्यावे. ड्रॉइंग, तपासणी, हिशेब ही कामे त्यांनीही पाहावीत.

कारखान्यात मराठीबरोबर कन्नड, हिंदी कानावर पडेल, ड्रॉइंगवर इंग्रजी दिसेल. ते शिकल्याने आपली मराठी उणी होत नाही. उलट "मराठी शाळेत घालून मुलाचे पुढे काय?" या प्रश्नाने आपले वर्ग ओस पडत आहेत. त्याला मोर्चा आणि भाषणे हे उत्तर नव्हे. मराठी शाळेतून निघालेला, हातात कसब असलेला मुलगा हेच त्याचे उत्तर.

म्हणून आमची मागणी साधी आहे. एका शाळेने एक कारखाना धरावा. महिन्यातला एक शनिवार ठरवावा. शाळेने एक शिक्षक द्यावा, कारखान्याने एक अनुभवी कारागीर. मुख्याध्यापकांनी आणि कारखानदारांनी येत्या जूनपूर्वी एकत्र बसावे. बैठकीची जबाबदारी आम्ही घेतो. बांधवांनो, या!