ज्वारीतील प्रथिन आणि शास्त्रांची एकजूट

परतीच्या पावसाने काळ्याभोर जमिनीत मुरलेल्या ओलीवर, थंडीच्या आधाराने आणि बहुतांशी पाटाच्या पाण्यावाचून जी मालदांडी ज्वारी मंगळवेढ्याच्या शिवारात पिकते, तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. आणि दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेस खुली केल्याची कथा ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्या गावाच्या धान्याची सरकारदरबारी अशी कायदेशीर नोंद व्हावी, हे सर्वथा उचित झाले. परंतु नावाचे रक्षण झाले म्हणजे त्या दाण्याविषयीचे आपले कर्तव्य संपले, असे मानणे हितावह नाही.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिन असते. मात्र त्याचा मोठा अंश काफिरिन नामक साठवणीच्या प्रथिनाचा असून, त्यात लायसिन हे शरीरास अत्यावश्यक असलेले अमिनो आम्ल अत्यल्प असते, आणि दाणा पाण्यात शिजताना या प्रथिनाच्या रेणूंमध्ये गंधकाचे दुवे जुळून ते पाचकरसांस दाद देईनासे होते. म्हणजे जे पोटात जाते ते सर्वच अंगी लागत नाही. भाकरीबरोबर पिठले किंवा आमटी असली की डाळीतील लायसिनाने पहिली उणीव भरून निघते, आणि पीठ आंबवून शिजवल्यास प्रथिन अधिक सुलभतेने पचते; आंबिलीच्या परंपरेत दडलेले हे शहाणपण प्रयोगशाळेनेही आदरपूर्वक अभ्यासावे, इतक्या योग्यतेचे आहे.

हा प्रश्न कोणत्याही एका शास्त्राच्या आवाक्यातील नाही. १९७३ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी इथिओपियातील ज्वारीत लायसिनसमृद्ध वाण हुडकून काढले. पण दाणे चिमलेले आणि वजनाला हलके निघाल्याने, पोषणाच्या कसोटीस उतरलेले ते वाण शेतकऱ्याच्या हिशेबास उतरले नाहीत. याउलट, प्रथिनाच्या साखळीस कोणते वळण शक्य आणि कोणते अशक्य, याचा जो नकाशा १९६३ साली मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सिद्ध केला, तो जीवशास्त्रास एका भौतिकशास्त्रज्ञाकडून मिळाला; दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करणाऱ्या आपल्या कमला सोहोनी यांनी रसायनशास्त्राची सांगड सामान्य माणसाच्या आहाराशी घातली; आणि २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथिनांच्या रचनेचे भाकीत संगणकाकरवी करणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना, नवी प्रथिने घडविणाऱ्या डेव्हिड बेकर यांच्यासमवेत, विभागून मिळाले.

आता संगणकच सर्व उत्तरे देईल, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की त्याचे शिक्षण झाले ते १९७१ पासून जागतिक प्रथिनसंग्रहात जमा होत गेलेल्या, मुख्यतः क्ष-किरणांनी कष्टपूर्वक उलगडलेल्या रचनांवर. शिवाय चुलीवरील पातेल्यात प्रथिनाचे काय होते, याचा निवाडा केवळ रचनेच्या चित्रावरून होत नाही.

यास्तव आमची मागणी स्पष्ट आहे. मालदांडी ३५-१ हे वाण ज्या मोहोळ येथील केंद्रावर निवडले गेले, ते केंद्र मंगळवेढ्याच्याच सोलापूर जिल्ह्यात आहे. सोलापुरास विद्यापीठ आहे, पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. या सर्वांनी आपापल्या खात्याची कुंपणे ओलांडून, एका अंदाजपत्रकाखाली, किमान दहा वर्षांची संयुक्त योजना हाती घ्यावी. तीत मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यास आणि भाकरी थापणाऱ्या गृहिणीस केवळ नमुने पुरविणारे न समजता प्रश्न ठरविण्याचा अधिकार द्यावा. आणि शासनाने या योजनेच्या मंजुरीचा कागद टेबलाटेबलावर अडकू न देता त्वरित खर्चाची तजवीज करावी. दुष्काळाशी झुंजून पिकलेल्या धान्याचा पुरता कस ते पिकविणाऱ्याच्याच लेकरांच्या अंगी लागावा, याहून अधिक निकडीचे संशोधन या जिल्ह्यास दुसरे नाही.